रघुबुवा आणि झायरॉनचा पाचवा भाग

रघु पालवने आयुष्यात दोनच गोष्टी मन लावून केल्या. एक भजन आणि दुसरी झायरॉन. लिफ्ट दुरुस्तीची नोकरी पोटासाठी आणि संसार मेघनाच्या धाकाने, असं तो स्वतःच सांगायचा. अर्थात मेघना आसपास नसताना.

भजनाचं एक वेळ समजू शकतं. डिलाईल रोडच्या चाळीत, मालवणी घरात जन्मलेल्या माणसाला पेटी वाजवता येत नसेल तर लोक त्याच्याकडे जरा काळजीनेच बघतात. रघूचा गळा गोड, पेटीवर हात हलका, आणि समोरच्याला चिमटे काढणारी जीभ आईकडून आलेली. पंचविशीतच तो रघुबुवा झाला आणि डबलबारीला बसायला लागला. डबलबारी म्हणजे दोन भजनी बुवांचा सामना. एकाच मांडवात दोन मंडळं बसतात, आधी एक बुवा गातो, मग दुसरा, आणि देवाचं नाव घेता घेता दोघं एकमेकांची अशी सालटी काढतात की ऐकणाऱ्यांची पोटं दुखतात. निकाल कुणी जाहीर करत नाही. पण कोण जिंकलं हे दुसऱ्या दिवशी दूधवाल्यालाही माहीत असतं.

आता झायरॉन. हे काय नवीन खूळ, ते आधीच सांगितलेलं बरं. ही टीव्हीला जोडून खेळायची शर्यतीची गेम. साल बावीसशे सात. गाड्यांना चाकं नाहीत, जमिनीपासून हातभर वर तरंगतात, ताशी हजार किलोमीटरने सुटतात आणि भिंतीला घासल्या की फटाक्यासारख्या फुटतात. चाळीतल्या बायका तिला सरळ ‘विमानाची गेम’ म्हणायच्या. ही गेम रघूच्या आयुष्यात आणली विनीत घाडीने. विनीत शेजारच्या खोलीतला, एकाच वर्गातला, एकाच बाकावरचा. रघुबुवा गाणार आणि पखवाजावर विनीत बसणार, हे ठरलेलं. विनीतचा हात पखवाजावर पडला की झोपलेला म्हातारासुद्धा मान डोलवायला लागायचा. रघूला सम शोधावी लागायची नाही, विनीत ती त्याच्यासमोर आणून ठेवायचा.

अठरा वर्षांचे असताना दोघांनी मिळून लॅमिंग्टन रोडवरून गेमचं एक वापरलेलं मशीन आणलं, त्याबरोबर झायरॉनचा पहिला भाग आला. विनीतच्या घरी टीव्हीला वायर लावली, आता बटण दाबणार, एवढ्यात विनीतचे वडील आडवे आले. सीताराम घाडी, सगळे त्यांना नाना म्हणायचे. मिल बंद पडल्यापासून घरीच असायचे. मूळचे घाडी, गावात देवापुढे गाऱ्हाणं घालण्याचा मान त्यांच्या घराण्याचा. घरात नवीन वस्तू येते आणि नारळ नाही, गाऱ्हाणं नाही?

“बा देवा महाराजा!” नानांनी मशीनपुढे नारळ ठेवून हात जोडले. “ह्या पोरांनी जी काय आकाशातली गाडी हाडल्यानी, तिची राखण कर रे महाराजा!”

“व्हय महाराजा!” दोघं पोरं ओरडली.

“वाटेत जो कोण आडवो येयत, तेका सरळ कर रे महाराजा!”

“व्हय महाराजा!”

मग नारळ फुटला, आणि पहिली फेरी दोघांनी आळीपाळीने खेळली. तेव्हापासून शिरस्ताच पडला. दुसरा भाग आला, नारळ. तिसरा आला, नारळ. चौथा आला तेव्हा दोघांची लग्नं झालेली, विनीत बेस्टमध्ये ड्रायव्हर झालेला, रघु मिलच्याच जागेवर उभ्या राहिलेल्या टॉवरच्या लिफ्टमध्ये ग्रीस लावत असलेला. तरी नारळ. नाना तोवर गावी राहायला गेलेले, तिथून खास आले होते गाऱ्हाणं घालायला. चौथा भाग तर सगळ्यांचा जीव की प्राण. असा वेग, असे स्फोट, की बघणाऱ्याने खुर्ची घट्ट धरावी.

आणि मग २०१६ साली पाचवा भाग आला आणि सगळं विस्कटलं.

झालं काय, तर कंपनीने पाचव्या भागात गाड्यांना ब्रेक दिला. गाड्यांवरच्या बंदुका काढून टाकल्या. गाडी भिंतीला लागली तर फुटेना, नुसती रुसल्यासारखी थांबायची. वळणावर हळू व्हा, डावा-उजवा ब्रेक ठेक्यात दाबा, मग पुढे सुटा. जगभरच्या झायरॉनवाल्यांमध्ये दोन तट पडले. एक म्हणे, ही खरी शर्यत. दुसरे म्हणे, ही शर्यत नव्हे, ही ड्रायव्हिंग स्कूल. पुढे सहावा भाग निघालाच नाही, तेव्हा पाचव्यानेच मालिका मारली, असा आरोप झाला. 

रघु पाचव्यावर पहिल्या दिवशीच फिदा झाला. हा भाग ज्या आठवड्यात आला, त्याच आठवड्यात नाना गावी वारले होते. विनीत रात्रीच्या गाडीने निघून गेला. रघु ढसाढसा रडला, जायला निघालासुद्धा, पण टॉवरची एक लिफ्ट एकविसाव्या मजल्यावर अडकली आणि साहेबाने सोडलं नाही. शनिवारी पाचवा भाग हातात पडला. रघूने दम धरला, सोमवारपर्यंत धरला, आणि मग लावलाच. आठवडाभर तो जेवणावरून उठून खेळत होता. शेवटी राहवेना म्हणून त्याने विनीतला गावी फोन लावला. “मेल्या, पाचवा आलाय! ब्रेक दिलाय, ब्रेक! कमाल आहे!” पलीकडून विनीत “बरं” म्हणाला आणि फोन बंद झाला. रघूला वाटलं, गावाला रेंज नसते.

तेरावं करून विनीत परत आला, गॅलरीत रघु समोर आला, आणि विनीतचं पहिलं वाक्य होतं, “पाचवा भंगार आहे.”

“भंगार? अरे, तू नीट खेळलास का?”

“भंगार म्हणजे भंगार. तो झायरॉन नाहीच.”

झालं. इथून जे सुरू झालं ते नऊ वर्षं थांबलं नाही. पहिले सहा महिने दोघं तोंडावर भांडले, मग बोलणं बंद झालं आणि भांडण मधे सुशांतला उभं करून चालू राहिलं. सुशांत म्हणजे दुसऱ्या माळ्यावरचा, पोस्टात कामाला, स्वभावाने गरीब. गॅलरीत रघु या खांबाशी, विनीत त्या खांबाशी, आणि मधे हा.

“सुशांत, त्याला विचार, ब्रेक नसलेल्या लिफ्टमध्ये तो आपल्या बायकोला बसवेल का?”

सुशांत वळायचा. “तो विचारतोय, ब्रेक नसलेल्या...”

“ऐकलं मी. त्याला सांग, सकाळी सहापासून दुपारी दोनपर्यंत लालबाग ते परळ माझा पाय ब्रेकवर असतो. घरी येऊन पण ब्रेकच दाबू? मग डेपोतच झोपतो ना!”

हळूहळू अख्ख्या बिल्डिंगीत चारवाले आणि पाचवाले असे दोन पक्ष झाले. ज्यांनी आयुष्यात कधी गेम हातात धरली नाही तेही हिरिरीने बाजू घ्यायला लागले. व्हॉट्सॲपचा एक ग्रुप होता, त्याचे दोन झाले. एका लग्नात तर चारवाल्यांनी आणि पाचवाल्यांनी वेगळ्या पंगती धरल्या. श्रीखंड मात्र दोन्हीकडे सारखंच आंबट होतं. मेघना माहेरी गेली की तिची आई विचारायची, जावयाचं आणि त्या विनीतचं नेमकं काय बिनसलंय? मेघना सांगायची, विमानाला ब्रेक असावा की नसावा. आई उठून चहा टाकायला जायची.

यात खरी वाट लागली ती रघुबुवांच्या भजनाची. विनीत गेला आणि पखवाज गेला. नऊ वर्षांत सात जण बसवून पाहिले. एक सुंदर वाजवायचा, पण मधेच फोन घ्यायचा. एक बुवापेक्षा पुढे पळायचा. शेवटी सुशांतच व्हिडिओ बघून शिकला आणि बसायला लागला. तो चुकायचा नाही, पण घड्याळासारखा वाजवायचा. रघूने तान घेतली काय आणि खोकला काढला काय, त्याचा ठेका तोच. एकेका बारीत रघूचा असा पाणउतारा व्हायचा की घरी येऊन तो कपडे न बदलता पाचवा भाग लावून बसायचा. ‘शनीचं कडं’ नावाच्या सर्किटवर त्याने एक मिनिट एकेचाळीस सेकंदांचा विक्रम केला होता. तेवढंच एक ठिकाण राहिलं होतं जिथे तो हरत नव्हता.

यंदा जानेवारीत नोटीस लागली. चाळ पाडून टॉवर होणार, एप्रिलपर्यंत सगळ्यांनी भाड्याच्या घरात जायचं. रघूला कांजूरला जागा मिळाली, विनीतला डोंबिवलीत. म्हणजे बिल्डिंगीची यंदाची सत्यनारायणाची महापूजा ही जुन्या चौकातली शेवटची. कमिटीने ठरवलं, डबलबारी ठेवायची आणि समोर लालबागचे धोंडूबुवा बोलवायचे.

धोंडूबुवा साठीचे, तोंडाने तिखटजाळ. त्यांच्यासमोर सुशांतचा पखवाज घेऊन बसणं म्हणजे भर चौकात स्वतःची शोभा करून घेणं, तीही शेवटच्या पूजेला, ज्या चौकात आपण रघुबुवा झालो त्याच चौकात. आणि याहून मोठी भीती दुसरीच होती, ती त्याने फक्त मेघनाला सांगितली. “एप्रिलनंतर तो तिकडे, मी इकडे. गॅलरीतलं भांडणसुद्धा संपेल गं. आता नाही आला तर कधीच नाही येणार.”

त्याने सुशांतला विनीतकडे पाठवलं. अर्ध्या तासाने सुशांत निरोप घेऊन आला. “येतो म्हणाला. पण एक अट आहे. बारी सुरू होण्याआधी माइकवर, सगळ्यांसमोर, तू बोलायचं. झायरॉनचा पाचवा भाग भंगार आहे, तो झायरॉन नाहीच.”

“काय?” रघु उडालाच. “मी? माइकवर? माझ्या तोंडाने?”

“म्हणून टाका की,” मेघना म्हणाली. “गेमला काय कळतंय?”

“मला कळतंय ना!”

पाचवाल्यांना कुणकुण लागली तशी त्यांचं शिष्टमंडळ आलं. रघु, तू आमचा झेंडा, तूच असा पडलास तर आम्ही कुठे बघायचं? रघूने त्यांना चहा पाजला आणि जिन्यापर्यंत पोचवलं.

पूजेच्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता चौक गच्च भरला. एका बाजूला धोंडूबुवा सोनेरी काठाचं उपरणं सारखं करत बसलेले. दुसऱ्या बाजूला रघु पेटीमागे, सुशांत पखवाजामागे, आणि विनीत लांब, जिन्याच्या पायरीवर हाताची घडी घालून. रघूने माइक ओढला.

“मंडळी, बारी सुरू करण्यापूर्वी एक सांगायचं आहे. पाचवा भाग... पाचवा भाग भंगार आहे. तो मुळात त्यातला नाहीच.”

मागून पाचवाल्यांनी “शेम, शेम” केलं. चारवाल्यांनी शिट्ट्या मारल्या. आणि पूजा सांगून दक्षिणेची वाट बघत बसलेले गुरुजी ताडकन उठले. नुकतीच त्यांनी सत्यनारायणाची पोथी पाचही अध्यायांसकट वाचली होती. “पाचवा अध्याय भंगार? ही भाषा? प्रसाद घेताना बरं वाटलं?” त्यांना विमानाची गेम समजावून सांगण्यात कमिटीची दहा मिनिटं गेली. शेवटी ते बसले, पण रघूकडे पाठ करून.

या गोंधळात विनीत कधी उठला, कधी सुशांतला बाजूला केलं, कुणाला कळलं नाही. त्याने कणकेचा गोळा मागून घेतला, आवाज घुमावा म्हणून पखवाजाच्या डाव्या पुडीवर थापला, दोन बोटांनी दाबून पाहिला. सुशांतने कपाळाचा घाम पुसला आणि झांज उचलली. त्याच्याइतका सुखी माणूस त्या चौकात दुसरा नव्हता.

आणि मग पहिली थाप पडली. काय सांगावं! तिसऱ्या माळ्याच्या बायका कामं टाकून कठड्याशी आल्या. रघूचा आवाज असा लागला की त्यालाच खरं वाटेना. धोंडूबुवांनी आपल्या बारीत त्याला बोचकारून पाहिलं, “नऊ वर्षं ज्यांना ताल सापडला नाही, ते आज भाड्याने घेऊन आले,” तर रघूने उलट असं काही सुनावलं की धोंडूबुवाच हसत सुटले. शेवटच्या गजराला अख्खा चौक उभा होता. धोंडूबुवांनी जाताना रघूचा खांदा दाबला. “तुमचं ते पाचवं-बिचवं काय ते मला कळलं नाही हो बुवा, पण पखवाजी सोडू नका.”

सगळं मनासारखं झालं होतं. फक्त विनीतने पूर्ण बारीत एकदाही रघूकडे पाहिलं नव्हतं. पूर्वी प्रत्येक समेला तो मान वर करून डोळा मिचकावायचा. आज सम चोख आली, पण मान खालीच. रघूच्या ते डोक्यात गेलं. मांडवामागे विनीत बादलीत हात धूत होता, तिथे रघूने त्याला गाठलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा मधे सुशांत नव्हता.

“बोललो ना मी माइकवर? गुरुजींच्या शिव्यापण खाल्ल्या. आता काय राहिलंय?”

“खोटं बोललास. तुला अजून आवडतो तो.”

“हो, आवडतो! मरेपर्यंत आवडणार! आणि तू एकदा सांग मला, तू कुठल्या सर्किटवर अडलास म्हणून एवढा राग आहे तुझा? एकदा सांग!”

“खेळलोच नाही.”

“म्हणजे?”

“हात पण नाही लावला पाचव्याला. कधीच.”

“मग नऊ वर्षं काय भांडत होतास माझ्याशी?”

“नेटवर वाचून.” विनीतने हात शर्टाला पुसले. मग तो बादलीकडे बघतच बोलला. “नानांचं दहावं होतं. पिंड ठेवला होता, कावळा शिवत नव्हता. तासभर सगळे उभे. काका म्हणत होते, कसली इच्छा राहिली? तेवढ्यात तुझा फोन वाजला. मला वाटलं, नानांसाठी केलास. दोन शब्द बोलशील. तर तू म्हणालास, ब्रेक दिलाय.”

चौकात कुणीतरी सतरंज्या झटकत होतं. रघूने विचारलं ते अगदी मूर्खासारखं होतं, पण त्या घडीला त्याला तेवढंच सुचलं. “मग कावळा शिवला का?”

“तुझा फोन ठेवला आणि मनात म्हटलं, नाना, रघूने तुमच्या गाऱ्हाण्याशिवाय गेम लावली. येडा आहे तो, त्याला माफ करा. तेव्हा शिवला.”

“म्हणजे नानांनी माफ केलं?”

“नानांनी केलं,” विनीत म्हणाला. “मी नाही केलं.” आणि तो जिना चढून गेला.

रघु बादलीपाशीच बसून राहिला. मेघना शोधत आली तेव्हा तो रडत होता, आणि लाज न बाळगता रडत होता. 

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी नऊला रघूने विनीतचं दार वाजवलं. हातात नारळ. “चल,” एवढंच म्हणाला. विनीतने नारळाकडे पाहिलं, रघूकडे पाहिलं, आणि चप्पल न घालताच मागोमाग आला.

रघूने मशीन लावलं. पडद्यावर पाचवा भाग उघडला. नऊ वर्षांचं सगळं तिथे होतं, एकूण एक शर्यत, शनीच्या कड्यावरचे एक मिनिट एकेचाळीस सेकंद. रघूने ‘सगळं पुसा’वर बोट नेलं. नक्की पुसायचं? मशीनने विचारलं. रघूने दाबलं. पुन्हा एकदा विचारलं, परत मिळणार नाही, नक्की?

“अरे येड्या, विक्रम आहे तुझा!” विनीत ओरडला.

“नारळाशिवायचा आहे,” रघु म्हणाला आणि दाबलं. पडदा कोरा झाला.

नारळ मशीनपुढे ठेवला. दोघं उभे. गाऱ्हाणं घालायचं कुणी? घाडी विनीत, पण नानांनंतर त्याच्या तोंडून ते कधी निघालं नव्हतं. त्याने दोनदा घसा खाकरला.

“बा देवा महाराजा!” आवाज थेट नानांचाच आला. “ह्या पोरांनी जी काय आकाशातली गाडी हाडल्यानी, तिची राखण कर रे महाराजा!”

“व्हय महाराजा!”

“नऊ वर्सां दोन येड्यांनी तोंडां फिरवून काढल्यानी. काय चुकला-माकला आसात, ता पदरात घे रे महाराजा!”

रघु बाहीने डोळे पुसत राहिला. स्वयंपाकघरातून मेघनाच खणखणीत आवाजात ओरडली, “व्हय महाराजा!”

उंबऱ्यावर नारळ फुटला. पहिली फेरी विनीतची. गाडी सुटली, पहिल्याच वळणावर भिंतीला चिकटली आणि थांबली.

“ब्रेक! ब्रेक दाब मेल्या!”

“मी नाही दाबणार ब्रेक!”

आठ गाड्यांत आठवा आला. विनीतने रिमोट मांडीवर ठेवला, थोडा विचार केला आणि अगदी शांतपणे म्हणाला, “खरंच भंगार आहे रे.”

रघूला इतका आनंद नऊ वर्षांत झाला नव्हता. “काय भंगार आहे? नीट सांग! हे बघ, पहिल्या वळणाला...” असं म्हणत तो मांडी ठोकून समोर बसला. मेघनाने खोबरं किसायला घेतलं. भांडण दुपारी दोनपर्यंत चाललं, आणि सुशांतला मधे कुणीही बोलावलं नाही.